पाण्यातला गोऱ्हा

उस्मानचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझी सायकल पाडत होते.

अक्षरशः पाडत होते. वडनेर भोलजीच्या शाळेपुढच्या निंबाला टेकवून ठेवलेली माझी सायकल त्यांनी झाडापासून चार पावलं दूर आणली होती. तिला सरळ उभी करायचे, दोन्ही हात सोडायचे, सायकल धाडकन पडायची. मग वाकून तिला उचलायचे आणि पुन्हा तेच. पन्नाशी उलटलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा, कानावर पेन्सिल खोचलेला हा माणूस तो पोरखेळ इतक्या गंभीरपणे करत होता की मला रागवायचंही सुचेना. नोकरीतली पहिली सायकल ती. बायकोपेक्षा जास्त जपत होतो मी तिला. अर्थात तेव्हा बायको नव्हती.

"तुमची हाये का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"उभी केली का पडते. मंग तुमी बसून आले तवा काऊन नाई पडली?"

"चालती होती म्हणून."

"ते मले बी दिसते. पन काऊन?"

मी मॅट्रिक पास होतो, सरकारी नोकर होतो, खाकी कोट घालत होतो. एवढं सगळं असूनही मी "वेगामुळे" असं काहीतरी पुटपुटलो. चाचांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि सायकल पुन्हा एकदा पाडली.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकार नागपूरला बसायचं आणि त्याच्या वतीनं मलकापूर तालुक्यात पोराबाळांना देवी टोचायचं काम माझ्याकडे होतं. थंडी पडली की पेटी सायकलला बांधून गावोगाव फिरायचं. ज्या गावात टोचलं तिथं आठव्या दिवशी परत जाऊन फोड धरला की नाही ते पाहायचं. म्हणजे दर हिवाळ्यात प्रत्येक गावाला माझ्या दोन फेऱ्या ठरलेल्या. मला पाहिलं की आया पोरांना कणगीमागे लपवायच्या, म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. आपण होऊन माझ्याकडे चालत आलेला तालुक्यातला एकच माणूस म्हणजे उस्मानचाचा, आणि तेही सायकलसाठी. मला ते डाक्टर म्हणायचे.

आठव्या दिवशी मी परत गेलो तर त्यांनी जेवायला थांबवलं. त्यांच्या ओसरीवर मला जरा डुलकी लागली आणि तेवढ्यात त्यांनी सायकल पार खोलली. जागा झालो तर अंगणात एका फडक्यावर माझ्या नोकरीचे सगळे अवयव ओळीनं मांडलेले. मी किंचाळायच्या बेतात होतो. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी ती जशीच्या तशी जोडून दिली. शेवटी एक छर्रा तेवढा उरला. "हा जास्तीचाच होता," म्हणून त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. पुढं कित्येक वर्षं ती सायकल त्या छर्र्यावाचून सुरळीत चालली, आणि छर्रा माझ्या खिशात राहिला.

उस्मानचाचा गाड्या करायचे. बैलगाड्या. नांदुऱ्यापासून मलकापुरापर्यंत त्यांच्या हातची गाडी लोक नुसत्या आवाजावरून ओळखत. त्यांचे कायदे ठरलेले होते. बाभळीशिवाय दुसरं लाकूड नाही. बाभूळ चार महिने डबक्यात मुरवल्याशिवाय तिला करवत नाही. आणि गाडी तयार झाली की पहिल्यांदा तिच्यावर मिस्तरी बसणार. दगडधोंडे भरलेल्या गाडीवर बसून ते स्वतः गावाला एक फेरी घालायचे, मुद्दाम खड्ड्याखाचरांतून. त्यानंतरच गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली. "ज्यानं बनोली त्याची हाडं पह्यले," ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाची मंग." एकदा घाईतल्या एका पाटलानं फेरीआधीच बैल जुंपले, तर चाचांनी ते स्वतःच्या हातानं सोडून दिले होते म्हणतात.

असा हा माणूस पाण्याला मात्र विलक्षण भ्यायचा. डबक्यातली बाभूळ काढायलासुद्धा ते शेजाऱ्यांना पाठवत आणि स्वतः काठावरून हुकूम सोडत. "पाणी घागरीत तं दोस्त, नदीत तं दुश्मन," हे त्यांचं आवडतं वाक्य. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चाचा पोरवयात असताना पूर्णेला मोठा पूर आला होता. पुरात वाहून आलेली झाडं काठावर ओढून घेणं हे सुतारांच्या घरचं जुनं काम. थोरला भाऊ युसूफ दोर घेऊन पाण्यात उतरला, आणि नुसता दोर परत आला.

मग पाण्याशी उभा दावा असलेल्या या गाडीवाल्याला डोंग्याचं वेड का लागावं? त्याचं उत्तर पूर्णेकाठच्या भोईपुऱ्यात होतं, वडनेरपासून चार-पाच कोसांवर. उत्तराचं नाव गणपा भोई.

माझी नि चाचांची ओळख झाली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात नांदुऱ्याच्या बाजारात एका गाडीचे बैल बुजले आणि भरल्या गाडीचं चाक गणपाच्या डाव्या पावलावरून गेलं. खामगावच्या दवाखान्यात ते पाऊल घोट्यापासून काढावं लागलं. गाडी उस्मान मिस्तरींच्या हातची होती. चाचांनी स्वतः जाऊन ती तपासली. आस शाबूत, चाक शाबूत, चाकावरची लोखंडी धाव शाबूत. कुणी त्यांना बोल लावला नाही, गणपानं तर नाहीच. पण मी हा विषय काढला तेव्हा चाचा म्हणाले, "बैल बुजाले, हे खरं हाये. पन चाक तं माह्यंच होतं ना?"

भोयाला पाऊल नसणं म्हणजे काय ते मला भोईपुऱ्यात गेल्यावर कळलं. त्यांचा डोंगा म्हणजे आंब्याचं अखंड खोड कोरून केलेली, जेमतेम हातभर रुंद अशी लांबट होडी. तिच्यात उभं राहून जाळं फेकायचं आणि तोल दोन्ही पायांनी सांभाळायचा. "डोंगा पायानं चालते, साहेब," गणपा मला म्हणाला. "हातानं निरं जाळं." एका पायाचा माणूस डोंग्यात चढला की डोंगा कुशीवर वळलाच म्हणून समजा. गणपानं दोनदा करून पाहिलं होतं आणि दोनदा त्याची बायको गोदावहिनी हिनं त्याला केस धरून बाहेर काढलं होतं.

शिवाय एक मुदत होती. गावालगतच्या डोहात कुणी कोणत्या दिवशी जाळं टाकायचं याच्या पाळ्या भोयांत बापजाद्यांपासून ठरलेल्या. गणपाची पाळी पंचांनी राखून ठेवली होती, पण जन्मभर नव्हे. तिसऱ्या होळीपर्यंत तो डोहात उतरला नाही तर पाळी दुसऱ्या घरी जाणार होती. पाळी गेली की गणपा भोयांत राहूनही भोई उरणार नव्हता. तोवर तो दुसऱ्यांची जाळी विणत झोपडीपुढे बसायचा आणि गोदावहिनी गुडघाभर पाण्यात टोपली लावून चिंगळ्या धरायची.

त्या पहिल्या हिवाळ्यात मी टोचायला भोईपुऱ्यात निघालो तर चाचा सायकलच्या बरोबरीनं चालत आले. नदी दिसू लागल्यावर ते एका करंजाखाली थांबले आणि तिथंच बसले. मी मागं वळून म्हटलं, "चला की खाली."

"अठूनच दिसते. वीस हात पुरे."

खरंच, ते अंतर वीस हात असावं. त्यांच्या डोळ्यात मोजपट्टी होती. तिथून ते दिवसभर भोयांचे डोंगे पाहत राहिले. संध्याकाळी मी काम आटोपून आलो, सायकल एका काठीच्या टेकूवर उभी केली आणि त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी सायकलकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं.

"डाक्टर, उभ्या सायकलीले टेकू लागते. उभ्या डोंग्याले बी लागंन."

"पाण्यात टेकू कशावर देणार?"

"तेच तं!" ते एवढ्या आनंदानं म्हणाले की जणू मी कोडं घातलं नव्हतं, सोडवलं होतं.

परतीच्या वाटेवर ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. दोन डोंगे एकमेकांना बांधून त्यावर फळ्या टाकल्या की ते उलटत नाहीत, हे भोयांना ठाऊकच होतं. पावसाळ्यात माणसं नदीपार उतरवायला तसं करतही. पण ती जोडी एकट्याला हलत नाही. मग एकाएकी चाचा वाटेतच थांबले. शेजारच्या वावरात एक शेतकरी म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला लहान गोऱ्हा जुंपून त्याला शिकवत होता. गोऱ्हा काही ओढत नव्हता. नुसता जुवाखाली मान घालून बाजूनं चालत होता.

"दुसरा डोंगा कायले पाह्यजे?" चाचा म्हणाले. "गोऱ्हा जुंपू!"

पुढच्या हिवाळ्यात वडनेरला गेलो तर त्यांच्या अंगणातली गाडी तशीच अर्धवट, आणि बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीत वीतभर लांबीचे पाच-सहा डोंगे तरंगत होते. प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना आडव्या काड्या आणि काड्यांच्या टोकाला लाकडाचा एकेक तुकडा बांधलेला. प्रत्येकात चिखलाचा एक माणूस बसवलेला. "हा गणपा," चाचांनी ओळख करून दिली. बोटानं पाणी ढवळलं तरी चिखलाचा गणपा पडत नव्हता. चाचीचं म्हणणं एवढंच की बैल तहानेनं मरायला टेकले आहेत, कारण तोंड घातलं की नाकाला डोंगा लागतो.

"दोन्हीकडं कशाला?" मी विचारलं.

"एका चाकाची गाडी पाह्यली का कधी?" मिस्तरींनी मला गप्प केलं.

आठ दिवसांनी भोईपुऱ्यात माझी तपासणी होती. त्याच दिवशी चाचा गाडीत घालून दोन गोऱ्हे घेऊन आले. काय ती कारागिरी! माणूसभर लांबीचे, दोन्ही टोकांना निमुळते, तासून गुळगुळीत केलेले बाभळीचे ओंडके. आडवे दांडे खाचा पाडून, पाचर ठोकून असे बसवलेले की कागदही शिरू नये. सगळा भोईपुरा गोळा झाला. मी पोरांचे दंड तपासायचे सोडून काठावर गेलो. चाचा करंजाखालून ओरडून सांगत होते आणि गणपाचे भाऊबंद गोऱ्हे डोंग्याला जोडत होते.

डोंगा पाण्यात लोटला. गोऱ्हे क्षणभर दिसले, मग खाली गेले, आणि जाताना डोंग्यालाही घेऊन गेले. बुडबुडे आले. माझा हात खिशातल्या छर्र्याकडे गेला.

गोदावहिनी म्हणाली, "मिस्तरी, हा गोऱ्हा नाई, म्हसोबा हाये. खाली जाऊन बसला."

मग जो हशा उसळला! झालं होतं ते असं. डोणीतले लहान गोऱ्हे चाचांनी अंगणातल्या वाळलेल्या चिपांचे केले होते, ते तरंगले. मोठे करताना मात्र हात आपोआप कायद्यावर गेला. गणपासाठी करायचे म्हणजे उत्तमातलं उत्तम लाकूड हवं, म्हणून चार महिने डबक्यात मुरवलेली, पोटभर पाणी प्यालेली बाभूळ त्यांनी निवडली. तीस वर्षं चोख काम केलेल्या माणसाचीच ही चूक. आळशी सुताराचा गोऱ्हा तरंगला असता.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून निघून गेला असता. चाचा उठले आणि करंजाखालून खाली आले. किती आले ते मी पाहून ठेवलं. दहा हातांवर येऊन थांबले. तिथून त्यांनी गोदावहिनीला विचारलं, "तुमची लेकरं पोह्याले शिकतेत, तं पाठीले काय बांधतेत?"

"पांगारा."

चाचांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या ताटात माती वाढली आहे. "पांगारा? त्याले लाकूड कोन म्हनते? खिळा बी धरत नाई ते."

"खिळा काऊन ठोकता? बांधा ना. आमी समदं बांधतोच. बांधलेलं जराकसं हालते, म्हनून तं तुटत नाई."

आणि गणपानं आणखी एक सांगितलं. "मिस्तरी, दोन्हीकून गोऱ्हे लावसान तं म्या जाळं वढू कोनीकून? एक बाजू मोकळी पाह्यजे मले."

एका दिवसात चाचांचे तीन कायदे पाण्यात गेले. बाभूळ गेली, पाचर गेली, दुसरं चाकही गेलं. परतताना वडनेरच्या वेशीपाशी ते म्हणाले, "डाक्टर, मानूस तीस वर्सं लाकूड कापते आन् त्याले वाटते का आपल्याले लाकूड समजलं."

पांगाऱ्याला हात लावायला त्यांना पुढचा अख्खा उन्हाळा लागला, हे मला चाचीनं नंतर सांगितलं. झाड कापून आणलं, पण ते घराच्या मागं टाकलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. त्याला तासताना ते दार लावून घेत. पण एकदा हात बसल्यावर मग त्यांनी मागं पाहिलं नाही. दांडे बांबूचे केले, आखूड केले, लांब केले, पुन्हा आखूड केले. दर पंधरवड्याला ते भोईपुऱ्यात जात आणि गणपा डोंगा पाण्यात न घालता काठावरच्या रेतीत बसून सांगत असे, दांडा इथं आडवा येतो, तिथं गुडघ्याला लागतो. गाठी सगळ्या गोदावहिनीनं बांधल्या. तिच्या गाठीला चाचा हात लावत नसत.

तिसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस मी भोईपुऱ्यात पोचलो तेव्हा होळी बारा दिवसांवर आली होती. डोंगा तयार होऊन रेतीत उभा होता. डाव्या अंगाला दोन बांबू, त्यांच्या टोकाला पांढुरका, हलका गोऱ्हा. उजवी बाजू जाळ्यासाठी मोकळी. माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतं की हे आता बरोबर आहे. चाचा पाच हातांपर्यंत आलेले होते. भाऊबंदांनी गणपाला उचलून डोंग्यात बसवायला हात पुढे केले.

गणपा म्हणाला, "थांबा."

मग तो चाचांकडे वळला. "मिस्तरी, कायदा तुमचाच हाये. बनोनाऱ्याची हाडं पह्यले."

मला वाटलं तो थट्टा करतोय. पण गणपाचा चेहरा थट्टेचा नव्हता. दोनदा बुडालेला माणूस होता तो. करणाराच ज्यात बसत नाही त्या वस्तूवर त्यानं तिसऱ्यांदा जीव का टाकावा?

चाचांनी आधी हसून पाहिलं. मग म्हणाले, कायदा गाडीचा आहे. मग म्हणाले, आज खोकला आहे. शेवटी कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवत राहिले, मग वळले आणि वडनेरच्या वाटेला लागले. मी हाका मारल्या, थांबले नाहीत. गणपा रेतीत डोंग्याशेजारी बसून राहिला. मला गणपाचा राग आला आणि चाचांचाही आला, आणि दोघांचंही बरोबर आहे हे कळत होतं म्हणून आणखीच राग आला.

ते आठ दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. आठव्या दिवशी तपासणीसाठी भोईपुऱ्याकडे निघालो तर वाटेत चाचा भेटले. एकटेच चालत होते. धुतलेला कुडता, डोळ्यांत सुरमा, कानावर पेन्सिल नव्हती. मी सायकलवरून उतरलो.

"घरी काय सांगून आलात?"

"समदं सांगून आलो," ते म्हणाले. "कोन्ती करवत कोनाले द्याची ते बी."

वीस हातांवरचा करंज आला, थांबले नाहीत. दहा हात, पाच हात. काठाशी त्यांनी जोडे काढून माझ्याकडे दिले. डोंगा पाण्यात होता, गणपा मागच्या टोकाला आधीच बसवलेला. चाचांनी एक पाय आत घातला, डोंगा जरासा कलला, गोऱ्ह्यानं पाण्यावर थाप मारली आणि डोंगा सावरला. दुसरा पाय आत आला. ते बसले, दोन्ही हातांनी पुढचा बांबू घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले.

गणपानं वल्हं टेकवून डोंगा लोटला.  पाण्यावरून आवाज स्वच्छ येत होता.

"गणपा, गोऱ्हा काय करते?"

"चालून राह्यला, मिस्तरी."

"पानी कोठवर आलं?"

"कोठीच नाई. बाहीरच हाये."

"दोऱ्या?"

"घट हायेत. डोळे उघडा ना, दिसंन तुमाले."

"तू सांग. म्या आयकतो."

डोहाच्या मधोमध डोंगा थांबला. आणि तिथं गणपानं जे केलं ते आधी ठरलेलं नव्हतं. त्यानं जाळं खांद्यावर घेतलं आणि गुडघ्यांवर उभा राहिला. डोंगा उजवीकडे झुकला. गोऱ्हा पाण्यातून वर उचलला गेला, चांगला वीतभर. गोदावहिनीच्या तोंडून आवाज फुटला. मग गोऱ्हा आपल्या वजनानं सावकाश खाली आला आणि डोंगा होता तसा झाला.

"आता काय केलं बे?" चाचांचा आवाज चिरकला होता.

"उभा राह्यलो, मिस्तरी."

 मग चाचा म्हणाले, "मंग फेक."

जाळं उघडलं आणि डोहावर गोल पडलं. तीन वर्षांनी. मी सरकारी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. सांगायला लाज वाटत नाही. शेजारी गोदावहिनी रडत नव्हती. ती गाठी मोजत होती, बोटांवर, काठावरून.

काठाला लागल्यावर चाचांना दोघांनी धरून उतरवावं लागलं. रेतीत बसले, घोटभर पाणी प्याले. लोक पांगल्यावर मी हळूच विचारलं, "डोळे का मिटले होते? एवढं केलेलं पाहायचं नव्हतं का?"

त्यांनी सांगितलं. "उघडले असते तं युसूफभाई दिसला असता. खाली."

 त्यांचे जोडे अजून माझ्याच हातात होते.

गणपाची पाळी राहिली. सुरुवातीला बाकीचे भोई त्या डोंग्याला लंगडा डोंगा म्हणून हसायचे. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं की वारा सुटला की धडधाकट माणसं काठावर बसतात आणि लंगडा डोंगा डोहात असतो. एकेक जण निमित्त काढून वडनेरला जाऊ लागला. चाचांनी दोन डोंगे कधी सारखे केले नाहीत. कुणाचं वजन जास्त, कुणी डावखुरा, कुणाच्या वाट्याला उथळ पाणी. तसा गोऱ्हा बदलायचा. पण दर डोंग्यात पहिल्यांदा बसायचे ते चाचाच. धुतलेला कुडता घालून, बांबू धरून, डोळे मिटून.

पुढं माझी बदली मेहकराकडे झाली आणि वडनेर सुटलं. मधल्या काळात मेहुण्याच्या नोकरीमुळे मला एकदा रत्नागिरीला जायचा योग आला. किनाऱ्यावर फिरताना एकाएकी पाय थबकले. वाळूत ओळीनं होड्या लागलेल्या आणि प्रत्येकीच्या एका अंगाला दोन दांडे आणि गोऱ्हा! मी एका कोळ्याला विचारलं. तो म्हणाला, ही उलांडी. आमच्याकडे पूर्वापार आहे. मी त्याला आमच्या उस्मान मिस्तरींबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझा हिरमोड झाला होता. आमच्या माणसानं तीन वर्षं रक्त आटवून काढलेली गोष्ट इथं पोरासोरांनाही ठाऊक होती.

हे चाचांना सांगावं की नाही, यावर मी पुष्कळ दिवस घोळ घातला. शेवटी वर्षभरानं रजा काढून वडनेरला गेलो. ते भोईपुऱ्यात आहेत असं कळलं म्हणून तिकडं गेलो. दाढीतली मेंदी गेली होती, दाढी पांढरीशुभ्र. नव्या डोंग्याच्या दोऱ्या गोदावहिनी आवळत होती आणि चाचा पाण्याच्या अगदी कडेला बसले होते. मी भीतभीत सगळं सांगितलं.

चाचा ऐकत राहिले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "गोऱ्हा कोन्त्या लाकडाचा करतेत?"

"विचारलं मी. पांगाऱ्याचा."

ते असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे त्याहिच्यात गाडीवाला कोनी नव्हता! नाईतं पह्यले बाभळीचा केला असता." मग पुढं सरकून, अगदी सायकल पाडणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "आन् तठी बनोनारा पह्यले बसते का?"

हे मात्र मी विचारलं नव्हतं.

"नाई इचारलं?" चाचांना माझी खरोखर कीव आली. "मंग इतक्या लांब जाऊन पाह्यलं काय तुमी?"

नवा डोंगा पाण्यात लोटला. चाचांनी जोडे काढले आणि सवयीनं माझ्या हातात दिले. पाय आत टाकला, बसले, बांबू धरला. गणपा मागं होता. डोंगा डोहाकडे निघाला. मी काठावर त्या जुन्या करंजाखाली जाऊन उभा राहिलो, तिथून चांगलं दिसतं म्हणून.

डोहाच्या मधोमध गणपानं वल्हं थांबवलं. गणपा काही सांगत नव्हता, चाचाही काही विचारत नव्हते. चाचांनी बांबूवरचा एक हात सोडला होता. ते एका अंगाला वाकले होते आणि त्यांचे डोळे उघडे होते. गोऱ्हा डावीकडे होता. ते उजवीकडे, मोकळ्या बाजूला, खाली पाण्यात पाहत होते.